बापाच्या नावाचा रोट

आमलीतल्या रोहिणीचं चित्रकार म्हणून थोडं नाव झालं आणि तिला आपली मुळं शोधायची हुक्की आली. वडील धुळ्याकडचे, पण लहानपणी मैत्रिणींसमोर ते अहिराणी बोलले की हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मात्र सिल्वासातल्या प्रदर्शनासाठी तिला खान्देशात श्रावणात घरोघरी बसवतात ती अस्सल कानबाई देवी हवी होती.

नरोलीत कारखान्यात झाडलोट करणाऱ्या तानूबाई श्रावणात आपल्या भाड्याच्या खोलीत कानबाई बसवत. रोहिणी त्यांच्याकडे गेली. पण कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायच्या, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. तानूबाईंनी आपलं कूळ सांगून तिचं विचारलं, तेव्हा रोहिणी बेधडक म्हणाली, आमचंही तेच. बाई हरखल्या. भाऊबंद सगळे गावाकडे; इथे नवरा आणि मुलगा, दोघांच्याच नावाचे गहू. घरच्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. त्या वर्षी त्यांनी रोहिणीच्या वडिलांच्या नावाचीही सव्वा मूठ दळली आणि त्यांच्या वाट्याचा रोट फडक्यात बांधून दिला.

रोहिणीने तो वडिलांना दाखवलासुद्धा नाही. बुरशी धरू नये म्हणून त्यावर वॉर्निशचे दोन हात मारले आणि काचेच्या पेटीत ठेवला. खाली चिठ्ठी लावली, 'माझ्या घरची आठवण'.

उद्घाटनाला तानूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि पेटीपुढे थबकल्या. वडिलांना बरं नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. रोट उरला म्हणजे खाणारा आजारी असणार, याखेरीज दुसरं काही त्यांच्या मनातच येईना.

रोहिणीला आपलीच शिसारी आली. पाहुणे कौतुक करत होते. तानूबाईंना कोपऱ्यात नेऊन तिने खाली मानेने सांगून टाकलं, की आपलं कूळ एक नाही, मी खोटं बोलले.

तानूबाईंचा चेहरा पार उतरला होता. मग म्हणाल्या, "तुना बापना नावनी मूठ टाकेल शे. आते ती पीठमाईन कशी काढू?" आणि पेटीकडे बोट दाखवून, "घर लई जाय. दूधमा भिजाडी त्याले खावाड."

रोहिणीने काच उघडून रोट हातात घेतला. चकचकीत, गुळगुळीत. बांधून न्यायला तानूबाईंनी आपला रुमाल पुढे केला, आणि वॉर्निशचं सांगायला रोहिणीची जीभ रेटेना.