दुकान वाढवू का?

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका बटणावरच्या शब्दावरून हसत होतो.

अणदूरला आमचं बियाणं, खत आणि पेंडीचं दुकान आहे. बिलाचं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीचं. पण बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बिलात यावा, नळदुर्गच्या गोदामातला माल इथं दिसावा, हे त्यात बसत नव्हतं. तेवढी जोडणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, कंपनी म्हणाली. म्हणून सोलापूरचा मुकुल आमच्याकडं येऊ लागला. जोडणी म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना, अप्पांना, लगेच उमगलं.

"घराला पडवी काढल्यागत," ते म्हणाले. "भिंत त्यांची, पत्रा ह्याचा. गळालं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार."

अप्पांची स्वतःची मागणी एकच होती. संध्याकाळी दाबायच्या बटणावर 'दिवस बंद करा' असं लिहिलेलं होतं, ते त्यांना चालेना.

"बंद मोटार पडती. दुकान वाढवायचं असतं. आन् एकट्यानं वाढवायचं न्हाई, दुसऱ्याला इचारून वाढवायचं."

आमच्याकडं ती रीतच होती. शटरवर हात ठेवून आज्जा आज्जीला विचारायचे, अप्पा अव्वाला, माझ्या आईला. अव्वाचे गुडघे दुखायला लागले, ती दुकानात यायची थांबली, आणि सोलापूरची नोकरी सोडून मी गल्ल्यावर बसायला लागले, तेव्हापासून ते मला विचारत. "शिवा, वाढवू का?" समोरच्यानं 'वाढवा' म्हणायचं असतं. मी नुसतं "हं" म्हणायची. कधी फोनमधून डोकं वर न काढता. 'वाढवा' म्हणणाऱ्याचंच दुकान असतं, असं मला वाटायचं. मी तर थोड्या दिवसांसाठी आले होते.

मुकुलनं तेही बसवून दिलं. अप्पांनी बटण दाबलं की माझ्या फोनवर प्रश्न येणार, मी होकार दिला की दिवस मिटणार. त्या संध्याकाळी तो समोर बसलेला असतानाच अप्पांनी चष्मा सावरून 'दुकान वाढवा' दाबलं. माझा फोन गप्प. पडद्यावर मात्र अक्षरं आली: आजची वेळ दोन तासांनी वाढवली आहे.

अप्पांना हसू आवरेना. "अरं, ह्यानं खरंच वाढवलं की!"

मुकुलचे कान लाल झाले. "काका, मला वाटलं, जास्त वेळ उघडं ठेवायचं असेल तर..."

"तू शिकलास कुठं?"

"पुण्याला."

"तिथं वाढवत न्हाईत का दुकान?"

"तिथं दुपारीच बंद करतात, काका."

"मग बरोबर हाय तुजं!" अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असू दे. आजच्या दिस राहू दे उघडं. उद्या नीट कर."

शटर ओढताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी नेहमीसारखं "हं" म्हणाले. घरी त्यांनी भाकरी-आमटी खाल्ली, नळदुर्गला फोन करून हरभऱ्याच्या पिशव्या मोजून घ्यायला सांगितल्या. पहाटे अव्वाच्या हाकेनं मी उठले, तेव्हा ते गेलेले होते.

त्यांना रानात, आज्जाच्या समाधीशेजारी ठेवलं. माणसं येत राहिली, मी चहा करत राहिले.

दुकान उघडलं तेव्हा हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. मशीन सुरू केलं, तर पडद्यावर तोच दिवस. उघडणाऱ्याचं नाव: शंभुलिंग. अप्पांचं. तो मिटल्याशिवाय पुढचा उघडत नव्हता, आणि नव्या तारखेचं बिल निघत नव्हतं. कंपनीला फोन केला. "मॅडम, बाहेरच्या जोडणीची जबाबदारी आमची नाही." मुकुलला केला. "ताई, कंपनीचं नवं अपडेट आलंय, त्यात माझं अडकलंय." पडवी गळत होती. मी हातानं बिलं फाडायला लागले. माणसं बरं बोलायची, सांत्वन करायची, आणि लॉट नंबर घातलाय ना, ते बघून घ्यायची. तो राहिला आणि बी उगवलं नाही, तर दाद मागायला काही उरत नाही.

रोज संध्याकाळी अव्वा विचारायची, "पुढं काय ठरवलंस?" मी म्हणायची, आधी मशीन तर सुरू होऊ दे. तिनं एकदाच सांगितलं, "दुकान द्यायचं असलं कुणाला, तर दे. माझी ना न्हाई. पर अर्धवट ठिवू नको."

एका दुपारी मुकुलचा फोन आला. बियाणं न्यायला आलेले धुळाप्पा हरभऱ्याच्या पिशव्या बाजूला काढून बाकड्यावर बसले होते. अव्वाही आली होती, बऱ्याच दिवसांनी, भिंतीला धरत धरत.

"ताई, झालं दुरुस्त. बटण आता बरोबर चालतंय. पण काकांनी त्या दिवशी दाबलेलं तसंच राहिलं होतं आत. ते आता पुढं सरकलंय. तुमच्या फोनवर येईल. तुम्हाला बघायचं नसेल तर मी इथूनच मागच्या मागं दिवस बंद करून टाकतो."

"बंद नको," मी म्हणाले.

"सॉरी, ताई. वाढवतो."

"तुम्ही नका. मी बघते."

फोन थरथरला. शंभुलिंग विचारत आहेत: दुकान वाढवू का? खाली दोन चौकोन. 'थांबा' आणि 'वाढवा'.

'थांबा' दाबलं असतं, तर तो दिवस तसाच राहिला असता. त्यांच्या नावावर, उघडा, हसण्यासकट. हातानं बिलं फाडत मला अजून काही दिवस काढता आले असते, आणि मग दुकान कुणाला तरी देऊन सोलापूरला परत जाता आलं असतं.

"अक्का, मशीन चालू व्हतंय का? न्हाईतर जाऊन येतो," धुळाप्पा म्हणाले.

"बसा, काका. लॉट नंबरासकट देते."

अव्वानं विचारलं, "काय म्हणतंय गं ते?"

मी फोन तिच्यापुढं धरला. तिला वाचता येतं, पण तिनं वाचलं नाही. माझ्याकडंच बघत राहिली. कितीतरी वर्षं तिनं हे उत्तर दिलं होतं. या वेळी तिनं फोन परत माझ्याकडं सरकवला.

शटर सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं. शटरच्या कडेला, अप्पांचा हात असायचा तिथला रंग उडालेला होता. मी तिकडं बघितलं, चौकोनावर बोट ठेवलं आणि धुळाप्पांनी मान वर करून पाहावं इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"वाढवा, अप्पा."