कुंभारीचं स्थळ

“देशात बेकारी उरलेलीच न्हाय,” असं फोनवर कुणाला तरी ठणकावून सांगत रेवणप्पा घरात शिरले. चपला काढल्या, फोन खिशात टाकला आणि मुलगी बघायला येऊन सतरंजीवर बसलेल्या मुलाला विचारलं, “म्हणजे तुमाला नोकरी न्हाय?”

“न्हाय,” शरणबसव म्हणाला. “टपरी हाय, अक्कलकोट रोडला. आई कडक भाकरी करती, शेंगाचटणी करती. मी विकतो.”

“आधी?”

“टॉवेलच्या कारखान्यात होतो. बंद पडला की तो.”

त्याच कारखान्यात रेवणप्पांची मुलगी सोनाली हिशेब लिहायला होती. त्यामुळे हे कुंभारी गावचं स्थळ कुणी सुचवलं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. पोह्यांचा ट्रे घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत ये, असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.

रेवणप्पांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि उरलेलं पक्षात. पक्ष विरोधात होता तेव्हा ज्याच्या हातात नेमणुकीचं पत्र नाही तो त्यांच्या लेखी बेकार. पक्ष सत्तेत आल्यावर त्यांनी व्याख्या सैल केली. सकाळी अंघोळ करून घराबाहेर पडणारा प्रत्येकजण कमावता झाला. घरात मात्र जुनीच व्याख्या चालू होती.

मध्यस्थ म्हणून बसलेल्याचं नाव श्रीमंत. तो त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र आणि तेव्हापासूनच दुसऱ्या पक्षाचा. त्याचा हिशेब बरोबर उलटा. त्याचं सरकार होतं तेव्हा टपरीवाला उद्योजक होता, आता बेकार.

चन्नम्मांनी, मुलाच्या आईनं, फडकं सोडून भाकरींची चळत पुढं सरकवली. रेवणप्पांनी एक कडक तुकडा मोडून तोंडात टाकला.

“पोरगी बी.कॉम. हाय माझी. उद्या रस्ता रुंद झाला, टपरी उठली, मग?”

“मग जरा पुढं मांडू की,” चन्नम्मा म्हणाल्या. “भूक काय रस्ता बघून लागती व्हय?”

“तसं न्हवं हो.” रेवणप्पांनी दुसरा तुकडा मोडला. “धंद्याचं काय खरं ऱ्हायलं न्हाय आता. सगळीकडं मंदी हाय.”

श्रीमंतचा कप हवेतच थांबला. हा शब्द रेवणप्पांच्या तोंडून ऐकायला त्यानं कट्ट्यावर किती संध्याकाळी घालवल्या होत्या. त्याचे डोळे चमकले, मिशी हलली, तोंड उघडलं.

दारातून सोनालीनं हळूच ‘नको’ अशी मान हलवली. लहानपणी त्याची सायकल पाडल्यावर, ‘काका, अप्पांना नका ना सांगू’ म्हणताना बघायची, तशीच बघत होती.

श्रीमंतनं चहाचा घोट घेतला आणि त्याच्याबरोबर बरंच काही गिळलं.

“मंदी कुटं हाय, रेवण्णा? धंद्याला लई बरे दिवस आलेत. ह्या सरकारात.”

सोनालीची आई, पार्वतम्मा, नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“काय म्हणालास?” रेवणप्पांनी विचारलं.

“ऐकलास की.”

“परत म्हण.”

“ह्या सरकारात,” श्रीमंत सतरंजीकडे बघत म्हणाला, “टपरीवाल्या पोराला बरे दिवस आलेत. पोरगं कामाचं हाय. दे पोरगी.”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य दोनदा मिळालं होतं. रेवणप्पांना ते मिरवावंसं वाटलं नाही. त्यांनी श्रीमंतच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. सोनालीच्या हातातला ट्रे कलला होता.

ते उठले, तिच्या हातातून ट्रे घेतला.

“दंड दुखला आसंल. जा, आईंजवळ बस.”

पार्वतम्मा तिला जागा करून देत सरकल्या, पण सोनाली चन्नम्मांजवळ जाऊन बसली. रेवणप्पांनी चूक दुरुस्त केली नाही, कारण ती झालीच नव्हती. त्यांनी स्वतः पोहे वाटले. पहिली बशी शरणबसवला दिली.

श्रीमंतच्या पुढ्यात वाकताना ते पुटपुटले, “तू बोललास ते कट्ट्यावर न्हाय काढणार मी.”

“मीबी न्हाय काढणार. मंदीचं.”

दुसऱ्या दिवशी दोघंही मंगल कार्यालय शोधायला निघाले. लग्नसराईमुळे सोलापुरात सगळी आधीच भरलेली होती. एकच तारीख मोकळी मिळाली, मतमोजणीची. त्या दिवशी कोण निवडून आलं, ते दोघांनाही दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.