प्रेसवरचा लुकलुकता दिवा

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सोनपेठच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचं नवं प्रेस आलं. बसवंतराव वायरमननं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि ठरवून टाकलं की हे काही आपल्या हाताबाहेरचं नाही. गडी मॅट्रिकला दोनदा आपटला होता, पण पंधरा वर्षं रिले अन् स्टार्टर जोडलेली त्याची बोटं कुठल्याच मशीनला भीत नव्हती.

प्रेसच्या हौदात बाया रुई भरून पायांनी तुडवत. हौद भरला की वरून लोखंडी दट्ट्या उतरायचा. त्याआधी दहा सेकंद लाल दिवा लागणार, तेवढ्यात बायांनी बाहेर पडायचं. पुण्याच्या इंजिनिअरनं हे समजावून सांगितलं, चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चाचणी झाली. हौदात चौघी होत्या, त्यांत बसवंतरावची बायको गंगम्माही. लाल दिवा लागला आणि चौघींनी जागच्या जागी डोळे मिटून हात जोडले. दट्ट्या हलायच्या आत बसवंतरावनं मशीन बंद केलं.

"देवळात आलाव का गं?" मालक माणिकराव ओरडले.

"दिवा लागला की हात जुळतेतच, मालक," म्हातारी कस्तुराबाई म्हणाली. "जल्माची सवय हाय."

इंजिनिअर परत यायचा तर पंधरवडा जाणार. माणिकरावांचं म्हणणं, बायांना दटावून उद्या दुपारी मशीन चालू करू. बसवंतराव आडवा आला. "जल्माची सवय दटावून सुटत न्हाई. दिवाच बदलतो. लुकलुकनाऱ्या दिव्याला कुनी हात जोडत न्हाई, काय बिघडलं म्हनून उठतेत सगळे. उद्या दुपारपर्यंत टाइम द्या. जिम्मा माझा."

"तुला येतंय का ते, बसवंता?"

"न यायला काय झालं?"

प्रेस कसं चालायचं ते ठरवायला इंजिनिअरनं एक छोटं यंत्र वायरीनं प्रेसला जोडून ठेवलं होतं. त्याच्या वीतभर पडद्यावर दोन उभ्या रेघा दिसत आणि त्यांच्यामध्ये शिडीसारख्या आडव्या पायऱ्या. डावीकडून वीज निघते, वाटेतले कॉन्टॅक्ट मिळाले की उजवीकडचा दिवा लागतो. आपण चित्र काढायचं, मशीन त्याप्रमाणे चालतं. बसवंतरावला त्याचं नवल वाटलं नाही. हेच तो जन्मभर तारांनी करत आला होता.

सकाळी त्यानं दिव्याच्या आधी अर्ध्या सेकंदाचा टाइमर बसवला. दिवा अर्ध्या सेकंदानं लागला आणि लागलेलाच राहिला. मग वेळ भरली की टाइमरनं स्वतःलाच तोडावं, अशी जोडणी केली. आता तर दिवा डोळ्याला दिसेल इतकाही लागेना. माणिकराव दोनदा घड्याळ दाखवून गेले. बसवंतराव निवांत पान लावत बसला. कुठं चुकतंय ते कळलं म्हणजे अर्धं काम झालं, असं त्याचं मत होतं.

टाइमर वेळ भरताच स्वतःला तोडत होता, त्यामुळे दिव्याला जळायला उसंतच मिळत नव्हती. एका उखळात दोघी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. इथंही एकट्याचं काम नव्हतं. त्यानं दुसरा टाइमर काढला. पहिल्याची वेळ भरली की दिवा लागणार आणि दुसरा मोजू लागणार. दुसऱ्याची भरली की तो पहिल्याला तोडणार, दिवा विझणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानं बटण दाबलं. दिवा लागला, विझला, लागला, विझला. बसवंतराव एकटाच खो खो हसत सुटला. आनंद झाला की तो लपवत नसे.

दुपारी तो आधी स्वतःच हौदात उतरायला निघाला, तर गंगम्मानं त्याला मागं सारलं. "तुमी बटनापाशी ऱ्हावा. दिवा तुमी केलाय, मंग मला कशाची फिकीर?" ती उतरली, तिच्यामागून बाकीच्या तिघी.

दिवा लुकलुकू लागला. "आगं, बिघडलं काय की!" कस्तुराबाई ओरडली. "निघा गं भाईर!" गंगम्मा तिसऱ्या सेकंदाला बाहेर होती. गुडघे धरत धरत कस्तुराबाई नवव्याला निघाली. दट्ट्या नुसत्या रुईवर उतरला.

माणिकराव भलतेच खूश झाले. "गंगम्मा तर तीन सेकंदात निघाली! दहाचे पाच कर, बसवंता. दिवसाला दोन गठाणी जास्त निघतील."

बसवंतरावनं त्या छोट्या यंत्राची वायर प्रेसमधून काढली आणि गुंडाळायला घेतली.

"धाच ऱ्हातील, मालक," तो म्हणाला. "माझी बायको चपळ हाय. माप कस्तुराबाईच्या गुडघ्याचं धरायचं."