अस्तराखालची खूण

“खूण आधी, अस्तर नंतर. काम झाकण्याआधी ते कुणाचं आहे एवढं तरी लिहून ठेव, पोरी.”

मास्तरांचा तो सावकाश, घोगरा आवाज मनाशी ऐकतच, त्यांच्या पाय घडवण्याच्या कारखान्यात सगळ्यांत लहान म्हणून ‘धाकटी’ नाव पडलेल्या तिने कातडी अस्तराची कड नखाने उचलली. समोर खुर्चीत निवृत्त पोस्टमन बसले होते आणि त्यांचा डावा पाय तिच्या मांडीवर आडवा होता. गुडघ्याखालचा, लाकडाचा, आतून पोखरून गुळगुळीत केलेला. कडेचा डिंक सुकला होता, अस्तर सहज सुटलं. आत पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा, मध्ये एक टिंब, खाली तारीख. तिच्या हातची खूण.

“सापडलं?” पोस्टमननी विचारलं.

“सापडलं, काका.”

“चौतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, आत काय लिहिलंय ते कधी बघितलं नाही. आणि इथे माझ्याच पायात पत्र.”

ती हसली. मोबाइलवर दोन फोटो काढले, अस्तर पुन्हा चिकटवलं आणि कड दाबून धरून बसली. तोवर काकांनी तिने आणलेल्या कागदावर चष्मा लावून सही केली. हा पाय अमुक साली या बाईंनी एकटीने तयार केला, मी तो आजही वापरतो.

हा नववा पुरावा होता.

तिला दुसऱ्या देशात जायचं होतं. तिथे एका कारखान्यात अजून हाताने पाय घडवत होते. तिने व्हिडिओवर करून दाखवलेलं काम त्यांना पसंत पडलं होतं आणि तिची जागा त्यांनी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. मात्र व्हिसासाठी कुशल कामाचा तीन वर्षांचा अनुभव सिद्ध करायला हवा होता. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, मालकाचा दाखला. तिच्याकडे यातलं एकही नव्हतं. इथल्या कारखान्यात मास्तरांनी कुणाला कधी पत्र दिलं नाही. सकाळी ये म्हणाले की नेमणूक झाली. हजेरीच्या वह्या तळघरात पाणी शिरलं त्या वर्षी लगदा होऊन गेल्या. पुढे मास्तर गेले, कारखाना बंद झाला, आणि त्या जागेत आता झेरॉक्सचं दुकान होतं. अर्जाच्या प्रती तिने तिथेच काढल्या होत्या. जिथे तिचं बाकडं होतं, तिथे मशीन हिरवा उजेड टाकत कागद ओकत होतं.

मग एकदा रात्रपाळीहून परतलेल्या नवऱ्याने चहा पिता पिता विचारलं होतं, “तुम्ही लोक त्या पायात काहीतरी खरडायचा ना?”

तिथून हे सुरू झालं. व्हिसाच्या सल्लागार बाईंनी आधी भुवया उंचावल्या, मग नियमांची पुस्तिका चाळून म्हणाल्या, “चालेल. वापरणाऱ्याची सही, ओळखपत्र आणि खुणेचा फोटो. पण शिकाऊ काळ धरत नाहीत हं. तुम्ही स्वतंत्रपणे केलेल्या पहिल्या कामापासून मोजायचं.”

तेव्हापासून दर सुट्टीला ती कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी होती. नवरा म्हणायचा, “बाकीच्यांचे पुरावे फायलीत असतात. आमच्या हिचे गावभर चालत फिरतायत.” आणि एकदा, “जपून गं. एखाद्याने पाय काढून तोच हाणला तर?”

तिला मात्र या फिरण्यात एक सुख मिळू लागलं होतं. गेली सहा वर्षं ती इस्पितळाच्या खिडकीमागे बसून तयार पाय वाटत होती. लहान, मध्यम, मोठा. खोके उघडायचे, पट्टे आवळायचे, पुढचा नंबर. आता एकेक पाय मांडीवर घेतला की बोटांना सगळं आठवायचं. ओल्या प्लॅस्टरचा गार वास, लाकडाचा भुगा, दुपारी मास्तर डोळे मिटून सॉकेटच्या आत बोटं फिरवायचे ती शांतता. उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीला सगळे सॉकेटच म्हणत, पण मास्तर म्हणत, घर. “घर नीट झालं का बघ. माणूस दिवसभर तिथे राहणार आहे.”

हिशेबाला आता एकच पाय उरला होता, तिने एकटीने केलेला आणि नीट बसलेला पहिला. तो धरला की तीन वर्षं अकरा दिवस भरत होते. तो वगळला तर पाच महिने कमी.

तो पाय शिलाईवाल्या मावशींच्या पायात होता.

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकलेले कापडाचे तागे, जमिनीवर दोऱ्यांची गुंतवळ. मावशींनी दार उघडलं आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाळलीस. इस्पितळात नुसत्या चकाट्या पिटता की जेवायलाही देतात?”

“तुम्ही तशाच आहात, मावशी.”

“तशीच कसली. माझा पाय तेवढा तसाच आहे, बाकी सगळं म्हातारं झालं.” त्या खुर्चीत टेकल्या, पट्टा सोडला आणि पाय उचलून तिच्या हातात दिला. “घे. नऊ वर्षं झाली. एक दिवस चावला नाही हो. आमच्या समोरची म्हणते, तुझी सून बोलते त्यापेक्षा तुझा पाय गोड.”

आतून ओरडा आला, “ऐकू येतंय मला.”

“ऐकू यावं म्हणूनच बोलते,” मावशी म्हणाल्या.

धाकटी खिडकीपाशी, उजेडात बसली. हा पाय ती विसरणं शक्य नव्हतं. त्याच्या आधीचे दोन तिने बिघडवले होते. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यामागे कातडी सोलून निघाली होती आणि ती घरी जाऊन जेवली नव्हती. तिसऱ्या पायाला हात घालताना तिने मास्तरांना सांगून टाकलं होतं, हाही चावला तर मी येणार नाही. मास्तरांनी नवं लाकूड तिच्यापुढे ठेवलं होतं. तिने तो पाय आतून घडवला, खूण घातली आणि बहिणीच्या लग्नाला चार दिवस घरी गेली. परत आली तेव्हा अस्तर लागून पाय तयार होता. मावशींनी तो घातला, कारखान्याच्या ओसरीवर तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, कुणी केला गं हा? मास्तरांनी हनुवटीने धाकटीकडे दाखवलं होतं. त्या संध्याकाळी ती घरी चालत गेली नाही, तरंगत गेली.

अस्तराला एका ठिकाणी मावशींनी स्वतः ठिगळ लावलं होतं, इतक्या बारीक टाक्यांनी की बोटाला लागू नये. तिने दुसऱ्या बाजूची कड उचलली.

दोन रेघा. मध्ये टिंब. खाली तारीख.

तिने मोबाइल धरला, नीट दिसावं म्हणून पाय थोडा फिरवला, आणि उजेड तिरपा आत गेला. लाकडावर गोल पटाशीचे बारीक वळ दिसले. ते डावीकडे कलले होते.

तिने मोबाइल खाली ठेवला. तर्जनी आत घातली आणि वळांवरून हळूहळू फिरवली, तळापासून काठापर्यंत. सगळे एकाच बाजूला कललेले. तिचे वळ उजवीकडे कलायचे. काल पोस्टमनकाकांच्या पायातही तसेच होते. कारखान्यात पाच माणसं होती. डाव्या हाताने पटाशी धरणारं माणूस एकच, मास्तर.

तिने पुन्हा खूण पाहिली. टिंब जरा मोठं होतं. रेघा फार जपून काढलेल्या, दुसऱ्याचं अक्षर गिरवताना काढतात तशा.

चार दिवस. तिने घडवलेला पाय त्यांनी बाजूला केला असणार, नवं लाकूड घेतलं असणार आणि अथपासून इतिपर्यंत सगळं पुन्हा केलं असणार. ती परतली तेव्हा त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. वयामुळे हात थरथरतो, असं म्हणाले होते. स्वतःच्या कामात कधी एवढीशी लबाडी न केलेला माणूस. आयुष्यात एकदाच त्यांनी दुसऱ्याची खूण घातली होती.

“काय झालं गं? पुसून गेली का?” मावशींनी विचारलं.

“नाही. आहे.” तिने अस्तराची कड परत चिकटवली. “मावशी, फार छान केलाय हा.”

“स्वतःचं कौतुक पुरे. कागद आण, सही करते.” मावशींनी मशीनवरच कागद ठेवून मोठ्या अक्षरात सही केली. मग चष्मा काढून म्हणाल्या, “एक मागू? माझा पाय वाळलाय आता. आत तीन मोजे घालते तेव्हा कुठे हा बसतो. इस्पितळाचा एक मिळालाय, तो कपाटात पाहुण्यासारखा उभा असतो, मी त्याला विचारत नाही, तो मला विचारत नाही. तू जायच्या आधी मला एक करून दे. तुझ्या हातचा.”

धाकटीने मांडीवरच्या पायाची कड दाबून धरली होती. अस्तर केव्हाच चिकटलं होतं.

“देते,” ती म्हणाली. “माझ्या हातचा देते.”

घरी नवरा टेबलावर फाइल मांडून बसला होता. प्रत्येक फोटोला त्याने नंबर घातले होते.

“दहावा?”

तिने मावशींची सही असलेला कागद काढला, घडी सरळ केली आणि त्याच्यासमोर न ठेवता कपाटात, आपल्या कपड्यांखाली ठेवला.

“नऊच,” ती म्हणाली. “तो पाय मास्तरांनी केला होता.”

“खूण नव्हती?”

“खूण माझी होती.”

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाला, “कुणाला कळलं असतं?”

तिने कपाटाचं दार लावलं. थोड्या वेळाने त्याने फाइलमधला दहा नंबरचा रिकामा कागद काढून चुरगळला.

सल्लागार बाईंना तिने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

“पाच महिने कमी पडतात हो,” बाई म्हणाल्या. “असा अर्ज मी पाठवू शकत नाही. ती जागाही जाईल. दुसरं काही सापडतंय का बघा.”

“बघितलं. त्याआधीचं माझं असं काही नाही.”

“मग?”

“मग आता राहू दे. परत येईन मी तुमच्याकडे.”

रविवारी ती लवकर उठली. माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, पटाशा तेलाच्या फडक्याने पुसल्या आणि त्यातली एक खिडकीत बसून दगडावर बराच वेळ घासली. नवऱ्याने पांघरुणातून तोंड काढलं.

“कुठे निघालीस?”

“मावशींचं माप घ्यायला. येताना लाकूड बघून येईन.”

“घरात कुठे करणार तू ते?”

“गॅलरीत.”

तो उठून बसला, गॅलरीकडे पाहिलं आणि तिथल्या वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी सोडायला गेला.

तिने प्लॅस्टरच्या दोन पट्ट्या, टेप आणि एक पेन्सिल पिशवीत घातली, चप्पल पायात सरकवली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.