कुशाबाची म्हैस

पोलादपूरच्या डोंगरातला कुशाबा मुंबईला एका साहेबाकडे नोकरीला लागायचा होता, म्हणून दर बाजाराच्या दिवशी महाडात माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. प्रत्येक नामाआधी तो 'अवर' लावी. अवर हाउस, अवर बफेलो. मी खवळायचो.

"अरे, एकटा बोलतोयस ना? मग 'माय' म्हण! म्हैस काय गावाची आहे?"

"भावांची हाय, चुलत्यांची हाय. माझी एकट्याची कशी म्हनू, मास्तर?"

"आणि माझीपण आहे वाटतं?"

तो नुसता हसला. पुढच्या बाजाराला माझ्यासाठी खरवस घेऊन आला. "घ्या. अवर बफेलो."

बायको गेल्यापासून माझ्या घरी कुणी काही घेऊन आलं नव्हतं. तरी मी त्याच्याकडून 'माय' घोटून घेतलंच. शिकवणं म्हणजे शिकवणं.

दोन वर्षांनी शिमग्याला तो भेटायला आला. पायात बूट होते. मी म्हटलं, "बोल बघू इंग्रजीत, मुंबईत कसा राहतोस?"

साहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीचं त्यानं सगळं सांगितलं. माय रूम. माय लॅम्प. माय प्लेट. कुठेही अडखळला नाही. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"चुकलं काय, मास्तर?"

"नाही रे. सगळं बरोबर आहे."

माझ्याही घरात वापरातलं ताट एकच होतं. त्यात त्याला वाढलं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत मी समोर नुसता बसून राहिलो.