वाकड्या खिळ्यांची थापी

मित्रांनो, काचेच्या पेटीत मखमलीवर पहुडलेली ती झिजलेली थापी मीच. असं पाहू नका माझ्याकडे. कौतुकानं तर नकोच, मला फार लाज वाटते.

माझा जन्म विलायतेतल्या शेफील्डच्या भट्टीतला. घडवलं होतं मला गवंड्यासाठी, पण दुकानातून मला उचललं मार्जरी हेडली नावाच्या एका काटकुळ्या विद्यार्थिनीनं. तिला विटा रचायच्या नव्हत्या. रोमन साम्राज्याची उत्तरेकडची सीमा, म्हणजे आमची ती लांबच लांब भिंत आणि तिच्या आसऱ्यानं वसलेले सैनिकांचे किल्ले, हे तिला मातीखालून वाचायचं होतं. उभा जन्म ती गुडघ्यांवर बसली आणि मी माती खरवडली. खरवडून खरवडून माझं पातं निम्मं उरलं. उत्खननवाल्यांत झिजलेली थापी म्हणजे मोठा मान. आणि आपली थापी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा अलिखित कायदा. एकदा तिच्या नवऱ्यानं मला घेऊन कुंडीतली माती उकरली, तर बाईसाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

तरुणपणीच आम्हांला एका किल्ल्यात काळा जळका थर सापडला. मार्जरीनं छातीठोकपणे सांगितलं, उत्तरेच्या टोळ्यांनी हल्ला करून किल्ला जाळला. लोकांना आग आवडते. पुस्तक निघालं, प्राध्यापकी मिळाली. मीही तोऱ्यात होते.

तिचा खोदकामातला जुना सोबती पर्सी ग्रेंजर तेवढा नकारार्थी मान हलवायचा. आमच्याकडे दर दहा वर्षांनी भिंतीची यात्रा निघते. जाणते आणि हौशी मिळून किल्ल्यामागून किल्ला पाहत चालतात, आणि ज्याचं खोदकाम तो मातीच्या ढिगावर उभा राहून सांगतो. अशाच एका यात्रेत पर्सी बिचकत म्हणाला, "मला वाटतं, हल्ला झालाच नाही. सैनिकांनीच किल्ला उतरवला, निरुपयोगी लाकूड जाळलं आणि चालते झाले."

"काय सांगतोस!" ढिगावरून मार्जरी ओरडली. "आणि जाताना घर झाडून-पुसूनही गेले असतील, नाही का रे पर्सी?"

सगळी यात्रा हसली. त्या दिवसापासून पर्सी कधी ढिगावर चढला नाही. यात्रेला मात्र येत राहिला, शेवटच्या रांगेत, हातात चहाचा थर्मास घेऊन.

मार्जरी निवृत्त झाली. पुढची यात्रा जवळ आली तसा तिनं त्याच किल्ल्यात जुना चर थोडा रुंद करायला घेतला. यात्रेकरूंना काळा थर नीट दिसावा, एवढाच हेतू. यात्रेच्या दिवशी सकाळी, जळक्या थराच्या खाली, माझं टोक खणकन वाजलं. एक खड्डा होता, आणि त्यात खिळ्यांचा ढीग. घर जळलं तर खिळे जिथल्या तिथे सरळ पडतात. हे सगळे वाकडे होते. कुणीतरी शांतपणे उपटलेले, सरळ तेवढे सोबत नेलेले आणि वाकडे इथे टाकून दिलेले.

वरच्या वाटेवर यात्रेकरूंच्या टोप्या दिसू लागल्या. मग मार्जरीनं मला पालथं धरलं आणि माती खिळ्यांवर लोटली. वरून माझ्याच पाठीनं थोपटून सारखी केली. झाकली मूठ सव्वा लाखाची! आयुष्यभर उघडं करायचं काम केलेल्या मला त्या क्षणी धरणी दुभंगावी असं झालं.

ढिगावर चढून तिनं तीच जुनी आग रंगवून सांगितली. आवाज तेवढा कोरडा होता. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत थर्मास काखेत दाबून पर्सीही टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून. त्या टाळ्यांनी तिचा चेहरा पडला.

"पर्सी," ती म्हणाली, "जरा खाली ये. चरात."

"अगं, या गुडघ्यांनी? उतरेन, पण वर काढायला क्रेन मागवशील ना?"

लोक हसले. ती हसली नाही. तो कसाबसा उतरला. तिनं मला त्याच्यापुढे धरलं.

"तुझी थापी? मला?"

"त्या कोपऱ्यात बघ. माती ताजी आहे, मीच लोटली आहे. आत्ता, तुम्ही यायच्या आधी."

पर्सीनं हलक्या हातानं मला फिरवलं. एक खिळा वर आला, मग दुसरा, मग ढीगच. त्यानं एक तळहातावर घेतला आणि पाहत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"माझंही चुकलंच गं, मार्जरी," तो हळूच म्हणाला. "झाडून-पुसून काही नव्हते गेले. कचरा तसाच टाकून गेले."

तेव्हा ती रडली, सगळ्यांच्या देखत.

तिनं मला परत घेतलं नाही. पर्सीच्या पश्चात मी इथे संग्रहालयात आले. पाटीवर त्याचं नाव आहे, ते तिनंच घालायला लावलं. माझ्या शेजारी एक वाकडा खिळा ठेवलाय. रोज त्याच्याकडे बघायचं मला जिवावर येतं.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका, हे सांगायचं राहिलंच. पण एक वेळ गंज परवडला. खालून जे वर येईल त्यावर पुन्हा माती मात्र लोटू नका. पात्याची माती पुसली की जाते. माझ्या पाठीला लागलेली त्या सकाळची माती अजून गेलेली नाही.