बद्द वाजलेला रांजण

मी एक जुना, पोट फुटलेला मातीचा रांजण आहे. मित्रांनो, पोर्तुगालच्या दक्षिणेला आमच्या गावात वाइन रांजणातच मुरते. कुंभाराने मला महिनाभर थरावर थर चढवून घडवले आणि आतून राळ फासली. उभा माणूस बुडेल एवढे माझे पोट होते.

साठ वर्षे मी झेफेरिनोच्या कोठारात तांबडी वाइन सांभाळली. साधी, गरिबाला परवडणारी वाइन. पण नोव्हेंबरात सेंट मार्टिन या संताच्या दिवशी रांजणांच्या तोट्या उघडल्या, की सारे गाव पेले घेऊन घरोघर चाखत फिरे आणि कुणाची सरस यावरून हमरीतुमरीवर येई. बहुतेक वेळा मान माझाच. मी मनातून फुलून जाई.

द्राक्षे भरण्याआधी रिकामा रांजण ठोकून बघायचा, ही इथली रीत. खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर तडकलेला. गेल्या वर्षी सप्टेंबरात झेफेरिनोने मला ठोकले. मी बद्द वाजलो आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

"घंटेसारखा वाजतोय, घंटेसारखा!" तो अंगणातल्या शेजाऱ्याला, इलारियोला, ओरडून म्हणाला.

"हळू बोला की काका! बहिरे तुम्ही, मी नाही," इलारियोही ओरडला.

"बहिरा असेल तुझा बाप!"

झेफेरिनोची मुलगी ओतीलिया शेजारीच उभी होती. तिने माझा आवाज ऐकला होता. पण बापाचा लालबुंद चेहरा बघून ती गप्प बसली. अजून एक वर्ष निघेल, असे तिला वाटले असावे.

मला भरले. आतला रस आंबून फसफसू लागला आणि रोज माझी चीर केसभर पुढे सरकली. ओतीलिया येता-जाता माझ्या पोटावरून हात फिरवी. मला ओरडता येत नव्हते.

सेंट मार्टिनचा दिवस आला. कोठार माणसांनी भरले.

"इलारियोची पातळ आहे रे, पाणीच."

"पण गोडवा बघ! काकांची नुसती तुरट," एकजण मुद्दाम झेफेरिनोच्या कानाशी ओरडला.

"तुरट? थांब, पेला आण इकडे," म्हणत झेफेरिनो माझ्या तोटीपाशी वाकला. त्याच वेळी ओतीलियाला माझ्या पोटावर ओली तांबडी रेघ दिसली.

"बाबा, मागे व्हा! फुटतोय तो!"

सगळे मागे धावले. एकटा झेफेरिनो वाकलेलाच राहिला. त्याला ऐकूच गेले नव्हते.

तिने झेप घेऊन त्याला ढकलले. मी फुटलो तो तिच्या पायावर. मित्रांनो, मी तिला लहानपणापासून ओळखत होतो.

आता मी अंगणात पडून आहे. ओतीलिया काठी घेऊन चालते. यंदा झेफेरिनोने दुसरा रांजण ठोकला आणि इलारियोच्या देखत विचारले, "पोरी, कसा वाजला गं? मला ऐकू येत नाही." कुणी हसले नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर ठोकून बघा. पण बद्द वाजलो, तर बद्द म्हणा. कुणाला वाईट वाटले तरी म्हणा.